आजार ओसरला म्हणजे बरा झाला काय?

शास्त्रपाठ : यशया ३८ वा अध्याय, लूक १७:११-१९, मार्क ७:९-१३



रोग्याला बरे वाटू लागले म्हणजे तो बरा झाला, असे आपण सगळेच धरून चालतो. आम्हीही तसेच धरून चाललो आणि वर मंडळीपुढे उभे राहून तशी साक्षही दिली. ती साक्ष आज आम्हांला पुन्हा तपासून पाहावयाची आहे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा पाठ मोठ्या मुलांच्या वर्गात अवश्य घ्यावा अशी आमची विनंती आहे. का, ते पुढे येईलच.

गोष्ट २०२२ सालच्या जुलै महिन्यातील. बेळगावात पाऊस लागून राहिला होता. आमची आई त्या वेळी ७४ वर्षांची होती. रविवारी सकाळी उपासनेला निघण्यापूर्वी ती ओट्याशी चहा गाळत होती, तोच तिच्या उजव्या हातातून कप गळून पडला. ती खाली फुटलेल्या कपाकडे न बघता आपल्या हाताकडेच बघत राहिली. आम्ही हाक मारली तेव्हा ती काही बोलली, पण शब्द एकही लागेना. आणि तोंडाची उजवी बाजू सैल पडून ओघळल्यासारखी दिसली. आम्ही तिला धरून खाटेवर निजवले आणि सगळे घर गुडघे टेकून प्रार्थनेस बसले. पंधरा मिनिटांत वाचा परत आली. हात हलू लागला. ती उठून म्हणाली, "चहा सांडला का रे सगळा? आता उपासनेला उशीर होईल."

त्या दिवशी आईला बरोबर घेऊन आम्ही मंदिरात गेलो आणि साक्षीच्या वेळी उभे राहून झालेले सर्व सांगितले. मंडळीने मोठ्याने आमेन म्हटले. उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतील एक वृद्ध परिचारिकाबाई, ज्या तरुणपणी मिरजेच्या मिशन इस्पितळात शिकल्या, त्यांनी आम्हांला व्हरांड्यात गाठले. त्या म्हणाल्या, "मास्तर, साक्ष चांगली झाली. आता आईला घरी नेऊ नका, येथूनच इस्पितळात न्या." आम्ही हसून म्हणालो, "बाई, ती तर ठणठणीत आहे. प्रभूने केले ते अर्धवट केले असे म्हणू काय?" त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. छत्री उघडून चालू लागल्या.

या पाठाची सुरुवात आम्ही आमच्या त्याच उत्तरापासून करतो, कारण ते उत्तर चुकीचे होते. वैद्यकाच्या दृष्टीने चुकीचे होतेच, पण शास्त्राच्या दृष्टीनेही होते.

लूककृत शुभवर्तमानातील १० कुष्ठरोग्यांचा वृत्तांत काढून पाहा. प्रभूने त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवावयास सांगितले. ते वाटेवर असतानाच शुद्ध झाले. लेवीयाच्या १३ व्या व १४ व्या अध्यायांत याजकाने कातडी कशी तपासावी, ७ दिवस थांबून पुन्हा कशी तपासावी, हे किती बारकाईने सांगितले आहे! डाग गेला, आता कशाला दाखवायचे, असे नियमशास्त्र म्हणत नाही. डाग गेला असे वाटते म्हणूनच दाखवायचे. आम्ही हा भाग मंडळीत अनेकदा वाचून दाखवला होता. परंतु आमच्या प्रवचनाचा रोख नेहमी त्या परत आलेल्या एका शोमरोन्याच्या उपकारस्तुतीवर असे, तपासणीवर आम्ही कधी क्षणभरही थांबलो नव्हतो.

तर आईला झाले होते तरी काय? मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताच्या वाटेत क्षणभर अडथळा येतो. बहुधा एखादी लहान गुठळी येऊन अडकते आणि मग विरघळून किंवा पुढे सरकून जाते. जितका वेळ अडथळा तितका वेळ त्या भागाचे काम बंद. हात, तोंड, वाचा, कधी एका डोळ्याची दृष्टी जाते आणि मिनिटांत, फार तर तासाभरात, परत येते. डॉक्टर याला ट्रान्झिएंट इस्केमिक अटॅक, थोडक्यात टीआयए म्हणतात. लोक मिनी स्ट्रोक म्हणतात. आम्ही या पाठात त्याला ओसरता झटका म्हणू. कॅनडातील डॉ. मिलर फिशर यांनी १९५१ साली मानेतील मोठी धमनी बंद पडलेल्या रोग्यांविषयी लिहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानी आले की यांतील कित्येकांना मोठ्या पक्षाघाताआधी असे ओसरते झटके येऊन गेले होते. म्हणजे झटका ओसरला तरी तो निरोप देऊन गेलेला असतो.

आणि तो निरोप फार तातडीचा असतो. कॅलिफोर्नियातील रोग्यांचा एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ओसरत्या झटक्यानंतर ९० दिवसांत दर १० जणांतील साधारण एकाला पुरा पक्षाघात झाला आणि त्यांतील निम्म्यांना तो पहिल्या २ दिवसांतच झाला. उलट २००७ साली ऑक्सफर्ड येथील प्रा. पीटर रॉथवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अशा रोग्यांची तपासणी व औषधोपचार लगोलग सुरू केले तर ९० दिवसांतील पक्षाघाताचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर येते. औषधे नवी नव्हती, फक्त ती उशिरा देण्याऐवजी लवकर दिली. परिचारिकाबाई व्हरांड्यात आम्हांला हेच सांगत होत्या.

आम्ही मात्र बुधवारी गेलो, आणि तेही गल्लीतल्या डॉक्टरांकडे. तेथे गेल्यावर आम्ही काय सांगितले? "आईला चक्कर आली होती." एवढेच. कप गळाला, तोंड ओघळले, शब्द लागेनात, यांतले काही सांगितले नाही, कारण आमच्या लेखी ते प्रकरण रविवारीच मिटले होते. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, १९० वर १०० भरला. त्यांनी रोजची गोळी वाढवून दिली. आम्ही त्यांना दोष देत नाही. चक्कर हा शब्द आपल्याकडे फार ऐसपैस आहे. उपाशीपोटी डोळ्यांपुढे अंधारी येते तीही चक्कर, घर फिरल्यासारखे वाटते तीही चक्कर आणि अर्धे अंग क्षणभर लुळे पडते तीही चक्कर. ज्याला शोध घ्यावयाचा आहे त्याच्यापुढे आपण असा शब्द टाकला तर त्याने काय शोधावे? शिक्षकहो, साक्ष देणाऱ्याने जे पाहिले व ऐकले ते जसेच्या तसे सांगावे असे आपण मुलांना शिकवतो. दवाखान्यात सांगावयाची साक्षही तशीच हवी. काय झाले, कोणत्या अंगाला झाले, किती वाजता सुरू झाले, किती वेळ टिकले, त्याआधी रोगी काय करीत होता.

आता त्या रक्तदाबाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आम्ही सर्वांत जास्त घोटाळा तेथे केला.

घरी यंत्र आणले. सकाळी १८०, दुपारी १२०, रात्री १७०, दुसऱ्या दिवशी सकाळी १४०. आकडा वर दिसला की आमच्या पोटात गोळा येई, आणि मग कोणालाही न विचारता आम्ही आईला अर्धी गोळी जास्त देत असू. वडोदऱ्याहून दादाचा फोन येई, "आज किती?" आणि आकडा ऐकून तो तिकडून म्हणे, "अरे, मग दे अजून अर्धी." दोन भाऊ मिळून डॉक्टर झाले होते. वहिनी तेवढ्या म्हणत, "एवढं मोजता कशाला, त्यांना सुखानं बसू द्या," आणि आम्ही त्यांचे बोलणे अडाणीपणाचे समजत असू.

तिसऱ्या आठवड्यात, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, उपासनेत दुसऱ्या गीताला मंडळी उभी राहिली. आईही उभी राहिली. अर्ध्या कडव्यावर तिच्या उजव्या हातातून गीतांचे पुस्तक खाली पडले. तोच हात, तेच ओघळलेले तोंड, तीच लागेनाशी वाचा. ज्यांनी तीन आठवड्यांमागे आमेन म्हटले होते त्या सर्वांसमक्ष हे घडले. या वेळीही ते १० मिनिटांत ओसरले, पण आता कोणी साक्षीचे नाव काढले नाही. परिचारिकाबाईंनी रिक्षा बोलावली होती.

इस्पितळात मेंदूचा सीटी स्कॅन झाला. त्यात काही निघाले नाही. सीटी निर्मळ आला म्हणजे काहीच झाले नाही, असे नव्हे, हे आम्हांला मागाहून समजले. ओसरत्या झटक्यात सीटी बहुधा निर्मळच येतो. रक्तस्राव नाही एवढे त्यातून कळते, आणि तेही फार मोलाचे आहे, कारण त्यावाचून रक्त पातळ ठेवणारे औषध देता येत नाही. ॲस्पिरीन सुरू झाली. मानेतील धमन्यांची डॉप्लर तपासणी व हृदयाची तपासणी दोन-तीन दिवसांत करून घ्या असे सांगून त्यांनी घरी पाठवले.

त्या दोन-तीन दिवसांत आम्ही ती तपासणी केली नाही. का, ते लिहिताना आम्हांला आजही संकोच वाटतो. आमच्या मंदिराचे छप्पर त्या पावसाळ्यात गळत होते, आणि वर्षाच्या आरंभी आम्ही त्यासाठी एक रक्कम देऊ केली होती. ती ऑगस्टमध्ये द्यावयाची होती. डॉप्लर, हृदयाची तपासणी आणि कदाचित एमआरआय हा सारा खर्च त्याच पैशातून करावा लागणार होता. देवाला बोललेले आधी, असे आम्ही मनाशी ठरवले. पाळकसाहेबांच्या कानी हे गेले तेव्हा ते संध्याकाळी घरी आले, बसले, आणि मार्क ७ वा अध्याय काढून आमच्यापुढे ठेवला. आईबापांना जे द्यावयाचे ते देवाला वाहिले आहे असे म्हणून हात झटकणाऱ्या लोकांना प्रभूने काय म्हटले ते त्यात आहे. पाळकसाहेब वाचीत बसले नाहीत. "मास्तर, छप्पर पुढच्या पावसाळ्यात होईल," एवढेच म्हणून त्यांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी तपासणीची वेळ ठरवली. ती मिळाली पुढच्या मंगळवारची. तिच्याआधी तिसरा झटका आला.

मधल्या दिवसांत दोन गोष्टी घडल्या होत्या. एक म्हणजे परिचारिकाबाईंनी आमचे यंत्र, गोळ्या आणि आमचा सगळा कारभार तपासला. दुसरी, त्यांनी शब्बाथ शाळेत मुलांचा एक तास घेतला.

पहिलीपासून सांगतो. त्यांनी आधी विचारले, "कसे मोजता?" आम्ही मोजून दाखवले. आई नुकतीच जिना चढून आली होती. तिचा हात मांडीवर लोंबत होता, पट्टा लुगड्याच्या बाहीवरून गुंडाळलेला, आणि आम्ही तिच्याशी बोलत होतो. बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी पद्धत घालून दिली. ५ मिनिटे निवांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. आधी लघवीला जाऊन यावे. अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवलेला. बोलायचे नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळी गोळीच्या आधी व रात्री निजण्यापूर्वी. जो आकडा येईल तो वहीत लिहावा, आवडला नाही म्हणून गाळू नये. घरी अशा रीतीने मोजलेला रक्तदाब सरासरीने १३५ वर ८५ च्या पुढे राहू लागला तर तो वाढलेला समजतात. एका आकड्यावरून काही ठरत नाही.

तंबाखूचे नाव निघाले तेव्हा आई खिडकीबाहेर पाहू लागली. बाई म्हणाल्या, "काय हो, मशेरी लावता ना?" पन्नास वर्षांत आम्हांला घरात मशेरीची डबी दिसली नव्हती, ती तांदळाच्या डब्यामागे होती. सकाळी दात घासायचे निमित्त, त्यानंतर अर्ध्या तासात आम्ही रक्तदाब मोजणार, तो १८० येणार, आणि आम्ही अर्धी गोळी देणार! आईने तेवढेच म्हटले, "पाळकांना सांगू नको हं." दुसरी वस्तू म्हणजे गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाच्या औषधाचा जोर कमी होतो. पाऊस पडला की गुडघे दुखत, गुडघे दुखले की गोळी, गोळी घेतली की आकडा वर. आम्ही दोघे भाऊ मात्र त्याचे कारण चिंतेत शोधत होतो. मिठाविषयी फार लिहीत नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरा भरत नाही एवढे मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्या घरांत पापड, लोणचे व सुकी मासळी यांचा हिशेब कोणी धरीत नाही.

मग बाईंनी एक नवी गोष्ट केली. आईला निजवून रक्तदाब घेतला, १५२. तिला उभे केले, एक मिनिटाने घेतला, तीन मिनिटांनी घेतला. ११४. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर तो दोष समजतात. आईचा ३८ ने उतरला होता. आम्ही वरच्या आकड्याच्या मागे धावत होतो आणि खालचा आम्ही कधी पाहिलाच नव्हता.

येथे एक जुनी चूक सांगितली पाहिजे, कारण ती अजूनही कोठे कोठे लोकांच्या तोंडी ऐकू येते. पूर्वी रक्तदाब एकदम वाढला की निफेडिपीनची कॅप्सूल टोचून तिचे थेंब जिभेखाली सोडत. आकडा झपाट्याने उतरे, सगळ्यांना हायसे वाटे. परंतु एकदम उतरलेल्या दाबाने मेंदूला किंवा हृदयाला रक्त अपुरे पडून रोगी दगावल्याच्या हकीकती जमत गेल्या, आणि १९९६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी ही पद्धत बंद करावी असे उघड लिहिले. वाढलेला रक्तदाब घातक आहे, यात शंका नाही. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने वारले त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० होता, आणि त्या काळी डॉक्टरांपाशी तो उतरवणारे चांगले औषध नव्हते. आज आहे. पण तो आठवड्या-महिन्यांत, धिम्या गतीने उतरवायचा असतो, घरच्या माणसाच्या घाबरण्याच्या गतीने नव्हे.

आता शब्बाथ शाळेचा तास. बाईंनी मुलांना फक्त तीन गोष्टी शिकवल्या. आजी-आजोबांना हसावयास सांगा, तोंड वाकडे होते का पाहा. दोन्ही हात वर करावयास सांगा, एक हात खाली येतो का पाहा. एक वाक्य म्हणावयास सांगा, शब्द लागतात का ऐका. आणि लगेच घड्याळ पाहा. मुलांनी तासभर एकमेकांना हसवले व आम्हांला तो सगळा पोरखेळ वाटला.

त्या शनिवारी आम्ही व सौ. बाजारात गेलो होतो. घरात आई व आमची १२ वर्षांची मुलगी. आई दुपारी निजून उठली, उभी राहिली आणि खाटेच्या कडेवर पुन्हा बसली. मुलीने विचारले, "आजी, हस बघू." मग, "हात वर कर." मग शेजारच्या काकूंना हाक मारून १०८ ला फोन करावयास लावले, आजीला कुशीवर निजवले, पाणी मागितले तरी दिले नाही (गिळता येत नसेल तर पाणी श्वासात जाते, हे बाईंनी सांगितले होते), आणि वहीत आमच्या आकड्यांच्या खाली पेन्सिलीने लिहिले : ४ वाजून २० मिनिटे. त्याच्या खाली : ४ वाजून ३२, बोलू लागली.

ती वही मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी जितका वेळ पाहिली तितका वेळ दुसरा कोणताही कागद पाहिला नाही. त्यांनी विचारले, "पहिल्या झटक्याच्या वेळी त्या काय करीत होत्या?" उभ्या होत्या. "दुसऱ्या?" गीताला उभ्या राहिल्या होत्या. "आणि ही जास्तीची अर्धी गोळी किती वाजता दिलीत?" दुसऱ्या झटक्याआधी दोन तास. तिसऱ्याआधीही. बाईंनी सांगूनही त्या शनिवारी सकाळी आकडा १७८ पाहून आमचा धीर सुटला होता. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आईची मान तपासली व त्याच दिवशी डॉप्लर करून घेतली. डाव्या बाजूची मानेतील धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद झालेली निघाली.

त्यांनी जे समजावले ते आम्ही आमच्या शब्दांत देतो. धमनीच्या आत मेदाचा थर साचतो, त्यावर लहान गुठळ्या बनतात व सुटून मेंदूत जातात. त्यामुळे उजवा हात व वाचा, कारण ती दोन्ही बहुतेकांत मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाकडे असतात. शिवाय वाट अरुंद झाली की पलीकडचा पुरवठा दाबावरच अवलंबून राहतो; दाब एकदम पडला की पलीकडे टंचाई. आईच्या बाबतीत बहुधा दोन्ही होते. आणि रक्तदाब एवढा वरखाली का? याचे एक उत्तर आम्हांला फार विलक्षण वाटले. ही धमनी जेथे दुभंगते त्याच ठिकाणी रक्ताचा दाब ओळखून शरीराला कळवणारे ज्ञानतंतू आहेत. भिंत कडक झाली की त्या पहारेकऱ्याला वेळेवर कळत नाही. म्हणजे आम्ही ज्या दोन तक्रारी निरनिराळ्या समजत होतो त्यांचे एक मूळ मानेच्या त्या बोटभर जागेत होते. रक्तदाब एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंत फार बदलत राहणे हे स्वतःच पक्षाघाताच्या धोक्याचे लक्षण आहे, असे रॉथवेल यांनी २०१० साली दाखवले. कोणत्या औषधाने चढउतार कमी होतो, हेही ते पाहू लागले. परंतु कोणती गोळी केव्हा, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. आम्ही ते काम करून पाहिले आहे.

शस्त्रक्रियेचे नाव काढताच दादा वडोदऱ्याहून निघून आला. ही शस्त्रक्रिया नवी नाही. १९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी पुनःपुन्हा ओसरते झटके येणाऱ्या एका बाईच्या मानेतील धमनीची दुरुस्ती केली, ती त्या काळच्या पहिल्या अशा शस्त्रक्रियांपैकी. पुढे १९९१ साली उत्तर अमेरिकेतील मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले की झटके आलेल्या रोग्यांत धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असेल तर नुसत्या औषधांपेक्षा शस्त्रक्रिया हिताची. ती झटक्यानंतर शक्यतो दोन आठवड्यांच्या आत व्हावी. तिच्यातही पक्षाघाताचा धोका असतो, हे डॉक्टरीणबाईंनी लपवले नाही. तिसऱ्या झटक्यानंतर ९ व्या दिवशी ती झाली. आदल्या रात्री मंडळी आमच्या घरी जमली. आम्ही प्रार्थना करू शकलो नाही, आईने केली.

सर्वांनाच असे एक कारण सापडते असे कोणी समजू नये. कोणाच्या हृदयाचे ठोके अनियमित असतात व गुठळी हृदयातून येते. हे अनियमित ठोके अधूनमधूनच येत असल्यामुळे एका ईसीजीत सापडत नाहीत, दिवसदिवस नोंद ठेवावी लागते, आणि औषधही निराळे असते. कोणाच्या मेंदूतील अगदी बारीक धमन्याच मधुमेहाने वा रक्तदाबाने खराब झालेल्या असतात. कोणाची साखर उतरलेली असते, कोणाला फेफऱ्याचा सौम्य प्रकार असतो, आणि ते ओसरत्या झटक्यासारखे दिसते. पुष्कळांच्या बाबतीत सर्व तपासण्या होऊनही डॉक्टर कारण सांगू शकत नाहीत. अशा घरी जाऊन काही लोक कारण सांगतात. आमच्याकडेही एक बंधू आले व घरात कोणते पाप राहून गेले आहे का ते शोधा, असे सांगून गेले. नाबालाचे उदाहरण त्यांनी दिले (१ शमुवेल २५), की तो दगडासारखा झाला व १० दिवसांनी मेला. आम्ही त्यांना योहान ९ व्या अध्यायाची आठवण दिली. आई आतून म्हणाली, "त्यांना चहा दे आणि जाऊ दे."

राहिला हिज्कीया. त्याचा अध्याय आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. राजा मरणाला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, आणि देवाने त्याला १५ वर्षे वाढवून दिल्याचे वचन त्याच संदेष्ट्याच्या हाती पाठवले. वचन मिळाले होते, चिन्हही मिळाले होते. तरी यशयाने अंजिरांची चांदकी आणून गळवावर बांधावयास सांगितले. वर्गाला विचारा : वचन मिळाल्यावर अंजिरांची गरज काय होती? आमच्या वर्गात एका मुलाने उत्तर दिले, "गळू होते म्हणून." आम्हांला याहून चांगले उत्तर अजून सुचलेले नाही.

शिक्षकांनी वर्गात वेळ ठेवून मुलांकडून त्या तीन गोष्टी करवून घ्याव्यात, आणि घरी कोणाला असे झाले तर घड्याळ पाहून लिहून ठेवावे, आपल्या मनाने कोणतीही गोळी देऊ नये, खावयास-प्यावयास देऊ नये, आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या इस्पितळात ताबडतोब न्यावे, हे तोंडपाठ करून घ्यावे. झटका ओसरला नाही तर गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. ओसरला तरी त्याच दिवशी न्यावे.

आईचा रक्तदाब अजूनही एकसारखा राहत नाही. वही चालूच आहे. आता ती आमची मुलगी लिहिते आणि महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवते. मशेरी सुटली असे आई म्हणते. उपासनेत गीताला मंडळी उभी राहते तेव्हा ती बाकावर बसूनच गाते, आणि परिचारिकाबाई तिच्या शेजारी बसतात.